वरच्या मजल्यावरची घंटा

त्या मंगळवारी सकाळी सव्वादहाला वरच्या मजल्यावर घंटा वाजली. मागोमाग टाळ्या, एक शिट्टी आणि क्लेटनची नेहमीची आरोळी. मी खाली माझ्या टेबलाशी बसून दाराच्या नव्या चाव्यांना नावांच्या चिठ्ठ्या अडकवत होते. मनात म्हटलं, झाली आणखी एक विक्री. पाचेक मिनिटांनी ब्रॉन्विन जिना उतरून आली. हेडफोन अजून मानेभोवती होता आणि चेहरा इतका पांढरा पडला होता की मला वाटलं, हिला भोवळ येतेय.

"पाणी देऊ का गं?"

"पाणी नको. मला एवढंच सांग मार्नी, तू त्याला सांगितलंस की नाही?"

"सांगितलंय. ईमेल पाठवलाय."

"ईमेल," ती म्हणाली, आणि समोरच्या खुर्चीत मटकन बसली.

आमची जागा बर्नी गावात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. पूर्वी तिथे कापडाचं दुकान होतं. सात वर्षांपूर्वी मी मेलबर्न सोडून आईजवळ राहायला परत आले, तेव्हा आम्ही चौघांनी मिळून ते भाड्याने घेतलं आणि कोवर्किंग सुरू केलं. चौघांची कामं चार तऱ्हेची, पण तक्रार एकच होती. आमच्या किनाऱ्यावर घरी एकटं बसून काम करायचं म्हणजे अख्खा हिवाळा कुत्र्याखेरीज कुणाशी बोलणं होत नाही. म्हणून मग एक छप्पर, एक कॉफीचं यंत्र, आणि ज्याचं त्याचं टेबल. त्या चौघांतली मी एकटीच उरले आणि हळूहळू त्या जागेची व्यवस्थापक होऊन बसले. व्यवस्थापक म्हणजे टॉयलेटचे कागद आणणारी, इंटरनेट बंद पडलं की शिव्या खाणारी आणि सगळ्यांशी गोड बोलणारी.

गोड बोलणं हाच माझा रोग आहे, हे आधीच सांगून टाकते.

ब्रॉन्विनचं काम कानांचं होतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती समोरच्याचं बोलणं त्याच क्षणी टाइप करायची. वर्ग चालू असो, नोकरीची मुलाखत असो की सरकारी कचेरीतली सुनावणी, ती आपल्या खोलीतून इंटरनेटवर ऐकायची आणि तिकडे त्या माणसाच्या पडद्यावर शब्द उमटत जायचे. मिनिटाला दोनशे शब्द. एकदा मी तिच्या मागे उभी राहून पाहिलं होतं. तिचे खांदेसुद्धा हलत नव्हते. वरच्या मजल्याच्या टोकाला आम्ही एक शांत खोली ठेवली होती, ती मुख्यतः तिच्यासाठीच. चार वर्षं सगळं सुरळीत चाललं.

मग क्लेटन आला. छतावर बसवायचे सौर पॅनेल फोनवरून विकायची त्याची कंपनी होती. आठ माणसं घेऊन आला आणि वरचा अख्खा हॉल त्याने घेतला. माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल करावं लागतं. कुणाचं टेबल हलवायचं असेल तर बाह्या सरसावून पहिला पुढे तोच यायचा. दर शुक्रवारी सगळ्यांसाठी सॉसेज रोल आणायचा. पण आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात त्याने एका मोडीत काढलेल्या मासेमारी बोटीची पितळी घंटा विकत आणली आणि हॉलच्या भिंतीत ठोकली. विक्री झाली की ज्याने विकलं त्याने दोरी ओढायची. दिवसाला कधी चार वेळा, कधी अकरा वेळा. आणि ती घंटा बोटीवरची, धुक्यात मैलभर ऐकू जावी म्हणून ओतलेली. तिला शांत खोलीचं दार काय अडवणार!

ब्रॉन्विनने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बघते. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा क्लेटनला ईमेल केला: शक्य झाल्यास जरा हळू. त्याने उत्तरात हसरा चेहरा पाठवला. तिसऱ्यांदा मी जे केलं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. मी सगळ्यांची बैठक बोलावली आणि विषय ठेवला, 'आपली मूल्यं'.

तीन तास चालली ती. पिवळे कागद वाटले, सँडविच मागवले. प्रत्येकाने आपल्याला महत्त्वाचं वाटतं ते लिहायचं आणि भिंतीवर चिकटवायचं. तळमजल्यावर कर सल्लागाराचं काम करणारे नेव्हिल, वय सत्तरीच्या घरात, त्यांनी आपल्या पाचही कागदांवर एकच शब्द लिहिला: 'भांडी'.

"नेव्हिल, हे मूल्य नाही हो."

"सिंकमध्ये जाऊन बघ, मग सांग मला."

त्यातून शेवटी सात शब्द निघाले. आदर, मोकळेपणा, सहकार्य वगैरे. कुणाचाच कशाला विरोध नव्हता. सुबक अक्षरांत छापून मी तो फलक स्वयंपाकघरात लावला आणि खरंच समजले, की घंटेचं काम झालं. 'आदर' हा शब्द क्लेटन वाचेल, त्याला ब्रॉन्विन आठवेल आणि तो आपण होऊन दोरी काढून ठेवेल! असं मला वाटलं होतं. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी.

तर त्या मंगळवारी ब्रॉन्विन समोर बसली होती.

"कोण होता ते सांगणार नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांशी बोलणं चाललं होतं. त्या माणसाने सहा आठवडे ज्या निकालाची वाट बघितली, तो डॉक्टर सांगत होता. नेमका तोच शब्द तोंडातून निघायला आणि बाहेर घंटा वाजायला एकच गाठ पडली. माझ्या हाताखालून निघालं, 'ऐकू आलं नाही'. त्याच्या पडद्यावर तेवढंच दिसलं. त्याला डॉक्टरचे ओठ हलताना दिसले, चेहरा गंभीर झालेला दिसला, आणि खाली माझे तीन शब्द."

"मग?"

"मग मी मध्येच थांबवलं, परत विचारलं. डॉक्टर घाईत होता, पुढचं पुढचं सांगत सुटला. दुसऱ्यांदा थांबवलं. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, तिकडे काय जत्रा भरलीय का? शेवटी सांगितलं त्याने. पण मधला दीड मिनिट तो माणूस माझ्याकडे बघत होता, मार्नी. म्हणजे कॅमेऱ्याकडे. माझ्याकडेच."

ती उठली. "मी घरी जाते. माझा शेजारी बोट बांधतोय, दिवसभर करवत चालते त्याची. पण करवतीला निदान माहीत नाही की मी आहे."

ती गेली. मी चाव्या तशाच टाकून बसले. बाजूच्या केबिनचं दार किलकिलं झालं आणि नेव्हिलचं डोकं बाहेर आलं. ती केबिन म्हणजे जुन्या दुकानातली गल्ल्याची खोली, तळमजल्यावरची दार असलेली एकुलती एक जागा. पहिल्या वर्षापासून ती त्यांच्याकडे होती. लोक त्यांच्यासमोर घटस्फोट, दिवाळं, सगळं उघडं करतात, त्यामुळे दार त्यांनाही हवंच होतं. ब्रॉन्विनला ती खोली देता का म्हणून मी त्यांना एकदा विचारलं होतं. "मी मेल्यावर," एवढंच उत्तर आलं होतं.

"ऐकलं मी सगळं," नेव्हिल म्हणाले. "आता तू मीटिंग बोलावशील."

"तुम्हाला कसं कळलं?"

"या इमारतीला आग लागली तरी तू आधी मीटिंग बोलावशील. आणि सँडविच मागवशील."

ते लागलं मला. ताडकन उठले आणि वर गेले.

क्लेटन खिडकीत उभा राहून कॉफी पीत होता. मी झालं ते सांगितलं, ब्रॉन्विनने जेवढं सांगितलं होतं तेवढंच. त्याचा चेहरा पडला, खोटं कशाला बोलू.

"अरेरे. वाईट झालं गं. पण मला कसं कळणार तिचं आत काय चाललंय ते?"

"कळायची गरज नाहीये, क्लेटन. घंटा काढ."

"हे बघ, माझी पोरं दिवसाला ऐंशी फोन करतात. त्यातली सत्तर माणसं शिव्या घालून फोन आपटतात. ती घंटाच त्यांना जिवंत ठेवते. आणि तूच छापलंयस ना खाली? पाचवी ओळ वाच. 'एकमेकांच्या यशाचा आनंद'. आम्ही तोच साजरा करतोय."

"पहिला शब्द आदर आहे."

"आदर दोन्हीकडून लागतो. माझ्या माणसांचा आदर कुणी करायचा? का ज्याला शांतता लागते त्याचीच मूल्यं खरी?"

वाद पुढे न्यायची मला भीती होती: हा गेला की वरचा मजला गेला. त्याच्या आठ टेबलांच्या भाड्यावर अर्धी जागा उभी होती. हे मी ब्रॉन्विनला कधी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं. तिला ते कळत होतं, एवढंच.

जिना उतरताना मला क्लेटनपेक्षा स्वतःचीच जास्त चीड येत होती. तीन तास घालून आम्ही असे शब्द शोधले होते, ज्यांना कुणाचीच हरकत नव्हती. हरकत नव्हती, कारण कुणालाच काही सोडावं लागत नव्हतं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता सगळे स्वयंपाकघरात जमले. हो, मीटिंगच. पण या वेळी खायला काही नव्हतं आणि मी आधीच सांगून टाकलं, "आज एकच प्रश्न आहे. घंटा राहणार की नाही. फिरवाफिरवी नको."

ब्रॉन्विन माझ्या आग्रहाखातर आली होती, ओव्हरकोटसुद्धा काढला नव्हता. क्लेटन आणि त्याची माणसं फ्रिजच्या बाजूला उभी होती. बाकीचे आम्ही नऊ जण टेबलाभोवती. आधी नकाशे काढणारा एक जण म्हणाला, त्यालाही त्रास होतो. दुसरी म्हणाली, तिला तशी सवय झालीय. तिसऱ्याने सुचवलं की घंटेला फडकं गुंडाळावं.

"फडकं!" नेव्हिल म्हणाले. "म्हणजे यशाचा आनंद थोडा दबका."

"आजोबा, तुम्हाला दुपारची झोप लागत नसेल तर तसं सांगा," क्लेटन म्हणाला. त्याची दोनतीन पोरं हसली.

"मला झोप लागते. ही बया जे काम करते ते करताना लागली तर पंचाईत होईल."

क्लेटनने हात वर केले. "ठीक आहे. मी माझ्या टीमला विचारतो, सगळ्यांसमोर. तुमच्यापैकी कुणाला घंटेचा त्रास होतो?"

मला वाटलं, संपलं. त्याची माणसं त्याच्या तोंडावर काय बोलणार? आणि मागून आवाज आला, "मला होतो."

टेगन होती ती. त्यांच्यातली सगळ्यात जास्त विक्री करणारी. तिशीची, कायम हसतमुख. घंटा सगळ्यात जास्त तीच वाजवायची.

"तुला?" क्लेटनला खरंच कळेना. "अगं, तूच तर..."

"मी वाजवते, कारण नाही वाजवली तर तू विचारतोस काय झालं म्हणून. पण दुसऱ्याने वाजवली ना, की मी लगेच घड्याळाकडे बघते. पाऊण तास झाला, माझी वाजली नाही. मग पुढच्या म्हातारीला जरा जास्त दामटते मी. तिला नको असतं पॅनेल. मला कळत असतं नको आहे ते." ती क्लेटनकडे वळली. "आणि ब्रॉन्विनचं काम चालू असताना खोलीबाहेर लागतो तो लाल दिवा माझ्या खुर्चीतून दिसतो, क्लेटन. गेलं वर्षभर दिसतोय. दिवा लागलेला बघत बघत मी दोरी ओढते."

टेगनशेजारचा मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मलाही नाही आवडत." आणखी एकीने मान हलवली.

क्लेटन लालबुंद झाला. तो चिडला असता, ओरडला असता, तर मला सोपं गेलं असतं. तो हळूच म्हणाला, "हे तुम्ही मला एकट्याला सांगू शकला असतात." आणि वर निघून गेला. थोड्या वेळाने स्क्रू काढल्याचा आवाज आला. घंटा उतरली.

तिथे गोष्ट संपती तर किती बरं झालं असतं. पुढच्या सोमवारी त्याने मला पत्र दिलं. महिनाअखेर कंपनी पुढच्या शहरात, डेव्हनपोर्टला, हलवतोय. "माझ्याच माणसांसमोर माझी शोभा झाली, मार्नी. इथे मला आता रोज जिना चढवणार नाही." मी त्याला समजवायला गेले, परत गोड बोलायला लागले, आणि मध्येच माझी मलाच किळस आली. पत्र घेऊन खाली आले. टेगनलाही त्याच्याबरोबर जावं लागलं. तिची मुलगी शाळेत, नवरा महिनोन्महिने बोटीवर. सभेत एकदा खरं बोललं म्हणून नोकरी सोडता येते असं थोडंच आहे?

मालकाला वरचा मजला परत देणं भाग होतं. मी सगळ्यांना सांगितलं: शनिवारी सकाळी खाली उतरायचं, जमेल त्याने यावं. त्या आठवड्यात मी इतकी वैतागले होते की कुणी "जे होतं ते चांगल्यासाठी" म्हटलं असतं तर मी त्याला चावले असते. बरोबर वागायचं ठरवलं, आणि पदरात काय पडलं? अर्धी जागा गेली. आणि जिच्यासाठी केलं, तिला खाली बसायला दारच नव्हतं. ब्रॉन्विनने मला आधीच निरोप पाठवला होता, "मी सामान न्यायला येते. खाली उघड्यावर माझं काम होणार नाही. तुझा दोष नाही." त्या शेवटच्या वाक्याने तर मी अर्धा तास कुढत बसले.

शनिवारी आठ वाजता दार उघडलं, तर आत माझ्या आधीच कुणीतरी होतं. गल्ल्याच्या खोलीचं दार सताड उघडं आणि नेव्हिल गुडघ्यांवर बसून फायलींची खोकी बाहेर ढकलत होते. तीन कपाटं आधीच बाहेर उभी. भिंतीवरचं त्यांच्या फुटबॉल संघाचं कॅलेंडरसुद्धा काढलेलं.

"नेव्हिल? हे काय करताय?"

"दिसत नाही का? खोका धर तिकडून. जड आहे."

"अहो, पण तुमचे लोक? तुमच्याशी खाजगी बोलायला येतात ते?"

"माझी गाडी आहे. मागे उभी असते. तिलाही दार आहे." ते उठले, गुडघे कडकड वाजले. "आणि हे बघ, आभार मानायचे नाहीत. मी बाहेर बसून तुम्हा सगळ्यांना असह्य होणार आहे. मला गुणगुणायची सवय आहे. आत होतो म्हणून तुम्ही सुटलात."

"मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात, मेल्यावर."

"तेव्हा तू विचारलं होतंस. ती पोरगी, टेगन, त्या गुरुवारी आपली नोकरी पणाला लावून बोलली, आणि मी टेबलाशी बसून विनोद करत होतो." त्यांनी खोका उचलला. "आता उभी काय राहिलीस? उचल."

नऊच्या सुमाराला बाकीचे येत गेले. कुणी येताना घरून ड्रिल आणलं, कुणी जुनी ब्लँकेटं. नकाशेवाल्याने जमिनीवर खडूने टेबलांच्या जागा आखल्या. सगळ्यात लहान चौकोनात त्याने स्वतःचं नाव लिहिलं, ते एका बाईने पुसलं आणि आपलं लिहिलं, त्यावरून दोघांची चांगली बाचाबाची झाली. दहा वाजता टेगन आली. आता तिचा आमच्याशी काही संबंध नव्हता. मुलीला बरोबर घेऊन आली आणि दुपारपर्यंत जिन्यावरून टेबलं उतरवत राहिली. क्लेटनला कळलं तर काय म्हणेल, असं मी विचारलं तर म्हणाली, "शनिवार माझा आहे."

ब्रॉन्विन आली, तेव्हा गल्ल्याच्या खोलीच्या दाराला आतून ब्लँकेट ठोकणं चाललं होतं. ती उंबऱ्यातच थांबली. नेव्हिल तिच्याकडे पाठ करून कपाटाशी झटत होते. तिने ओव्हरकोट काढला, खुंटीला लावला आणि हातोडी मागितली.

आता त्याला आठ महिने झाले. आम्ही नऊ जण कोपराला कोपर लावून बसतो. माझ्या पाठीमागे नेव्हिल गुणगुणतात, खरोखर असह्य आहे ते. थंडीत, पावसात ते अशिलाला घेऊन गाडीत जाऊन बसतात, काचांवर वाफ धरते, आणि रस्त्यावरचे लोक संशयाने बघतात. भांडी अजूनही सिंकमध्ये असतात. कुणाची ते मला पक्कं माहीत आहे. पण एक झालंय. मी कुणाला ईमेल पाठवत नाही. मागच्या महिन्यात एक नवा मुलगा जागा बघायला आला. मी तोंड उघडायच्या आत तिघांनी त्याला सांगून टाकलं, ब्रॉन्विनचा दिवा लागला की कॉफीचं यंत्र बंद, फोन बाहेर, आणि खुर्ची सरकवायची नाही, उचलायची. तो म्हणाला, नियम फार कडक दिसतात. नेव्हिल म्हणाले, "नियम नाहीत. असं आहे." तो मुलगा परत आला नाही. मला एक टेबल भरायचंच आहे अजून.

काल दुपारी दिवा लागलेला होता. बाहेर कुरिअरवाला आला आणि सवयीप्रमाणे दारावर थाप मारायला त्याने हात उचलला. काचेतून ते दिसताच आम्ही पाच जण एकदम उभे राहिलो, तोंडावर बोट ठेवून, हात हलवून. तो बिचारा इतका घाबरला की पार्सल घेऊन तसाच गाडीत बसून निघून गेला. त्यात माझा प्रिंटर होता. संध्याकाळी कुरिअरच्या डेव्हनपोर्टमधल्या गोदामापर्यंत पन्नास किलोमीटर गाडी हाकत मी तो आणायला गेले, आणि गोदाम पाच वाजता बंद होतं हे मला तिथे पोचल्यावर कळलं.